अर्धशिशी आणि अर्धी गोळी

या अंकासाठी डोकेदुखी आणि तिच्यावरची औषधं हा विषय सुचवला तेव्हा आमच्या बैठकीत थोडी चुळबुळ झाली. हुंडा, मारहाण, रेशन, पाणी, लिंगनिवड यांवर अंक काढणाऱ्या आपण. डोकं दुखणं हा काय अंकाचा विषय झाला, असं एकीनं स्पष्टच विचारलं. तिचा प्रश्न रास्त होता. पण त्या बैठकीला बसलेल्या अकराजणींपैकी सहाजणींच्या पर्समध्ये त्या क्षणी डोकेदुखीच्या गोळ्या होत्या आणि त्यांतली एकही गोळी डॉक्टरांनी लिहून दिलेली नव्हती. कुणाला बहिणीनं सुचवलेली, कुणाला मेडिकलवाल्यानं दिलेली, एकीला तर लोकलच्या लेडीज डब्यात शेजारच्या अनोळखी बाईनं दिली आणि 'लागू पडली' म्हणून तीच गेली सहा वर्षं चालू. विषय तिथेच ठरला.

साधी डोकेदुखी आणि अर्धशिशी यांत फरक आहे. अर्धशिशीत बहुधा एक बाजू, कानशिलापासून डोळ्यामागपर्यंत ठणकते. जिना चढला की ठणका वाढतो. उजेड नको होतो, कुकरची शिट्टी नको होते, फोडणीचा वास सहन होत नाही, मळमळतं, कधी उलटी होते. औषध घेतलं नाही तर चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत चालतं. मग ती बाई उठते, केर काढते आणि सगळं पूर्ववत सुरू होतं. पूर्ववत होतं म्हणूनच तर कुणी विश्वास ठेवत नाही! काल अंधारात पडून होतीस, आज हिंडतेस, म्हणजे काल नाटकच केलंस. हे वाक्य मी इतक्या घरांमध्ये, इतक्या भाषांमध्ये ऐकलं आहे की आता त्याचं आश्चर्य वाटत नाही. मीरा-भाईंदरमध्ये ते मराठीत, आगरी-कोळी बोलीत, गुजराती-मारवाडीत आणि हिंदीत ऐकायला मिळतं, अर्थ सगळीकडे एकच.

हे नाटक किती बायका करतात? जगभरातल्या आजारांच्या भाराचे जे अभ्यास होतात त्यांत माणसाला कामातून उठवणाऱ्या कारणांमध्ये अर्धशिशीचा क्रमांक दुसरा लागतो आणि तरुण स्त्रियांपुरतं पाहिलं तर पहिला. आपल्या शेजारच्या कर्नाटकात बंगलोरच्या निम्हान्स संस्थेच्या डॉक्टरांनी घरोघर जाऊन १८ ते ६५ वयाच्या माणसांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षभरात अर्धशिशी झालेली माणसं निघाली २५.२ टक्के, म्हणजे चारांत एक. स्त्रियांत प्रमाण पुरुषांपेक्षा बरंच जास्त, आणि शहरापेक्षा खेड्यात जास्त. 'शहरी, शिकलेल्या बायकांचं दुखणं' ही समजूत तिथेच निकालात निघते. मीरा-भाईंदरची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ८ लाख ९ हजारांवर होती आणि त्यानंतर पुष्कळ वाढली. हिशोब ज्याचा त्यानं करावा.

अर्धशिशी मुळात मेंदूच्या ठेवणीत असते, पुष्कळदा आईकडून आलेली. पण ती उठते कधी, हे आयुष्य ठरवतं. पाळीच्या आधीचे दोन दिवस, झोपमोड, उपाशीपोट, ऊन, आणि एक गोष्ट खास आपल्याकडची: डोक्यावरून न्हाणं. मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी २००६ साली ९४ भारतीय रुग्णांची निरीक्षणं प्रसिद्ध केली, ज्यांची अर्धशिशी केस धुतल्यावर उठत असे. आपल्या आज्या हे सांगतच होत्या, पण शास्त्राच्या वहीत त्याची नोंद व्हायला २००६ साल उजाडलं. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे गाळे आहेत. पॉलिशच्या मशिनचा आवाज, उडणारी काळी धूळ, दुपारी दोनपर्यंत पोटात चहाशिवाय काही नाही. उत्तन-चौकच्या कोळणीला पहाटे उठून मासळी गाठायची असते. मीरारोडच्या फ्लॅटमधली बाई साडेपाचला डबे भरते आणि विरारहून भरून आलेल्या लोकलमध्ये लटकते. त्यात चतुर्थी, नवरात्र, हरतालिका, रमजानचे रोजे. डॉक्टर सांगतात, वेळेवर जेवा, पुरेशी झोप घ्या, ताण घेऊ नका. सल्ला योग्यच आहे, फक्त तो त्या बाईच्या हातात नाही. तिच्या हातात असते ती गोळी.

ती गोळीसुद्धा बहुतेकजणी अर्धीच घेतात. 'गरम पडते ताई', 'सवय लागेल', 'किडनी जाते म्हणतात'. मग अर्धी गोळी सकाळी, दुपारी उरलेली अर्धी, रात्री पुन्हा अर्धी. दुखणं पुरतं जात नाही, रेंगाळतं, दुसऱ्या दिवशी परत अर्धी. यात बाईला वाटतं आपण काटकसर करतो आहोत, औषध कमी घेतो आहोत. प्रत्यक्षात होतं उलटं. अर्धशिशीच्या औषधाचा नियम असा की ते सुरुवातीलाच घ्यावं आणि पुरेसं घ्यावं. अटॅक चढला की पोटाची हालचाल मंदावते, गोळी जठरातच पडून राहते आणि मग पूर्ण मात्राही काम करत नाही. म्हणून डॉक्टर पुष्कळदा सोबत उलटी थांबवणारं औषध देतात. निरोगी मोठ्या बाईसाठी पॅरासिटामॉलची अर्धशिशीची मात्रा ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या एकदम, अशी असते. दिवसात एकूण चार ग्रॅमच्या पुढे मात्र कधीही जायचं नाही, आणि वजन फार कमी असेल, कावीळ किंवा यकृताचा आजार असेल, दारूचं सेवन असेल तर त्याहूनही पुष्कळ कमी. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत पॅरासिटामॉल असतंच, तेही याच हिशोबात धरायचं.

मात्र पुरेसं घ्यायचं याचा अर्थ वरचेवर घ्यायचं असा नाही. वेदनाशामक गोळीच फार दिवस घेतली तर तीच डोकं दुखवायला लागते, ही गोष्ट सांगितली की बायका हसतात. डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात या दुखण्याला स्वतंत्र स्थान आहे. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन यांसारखी साधी गोळी महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, आणि मिश्र गोळ्या, एर्गोटामाइनच्या गोळ्या, ट्रिप्टान जातीच्या गोळ्या किंवा अफूवर्गातली वेदनाशामकं महिन्यात १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं तर अर्धशिशी असलेल्या बाईचं डोकं रोजच दुखू लागू शकतं. सकाळी उठताच दुखतं. गोळी घेतली की चार तास बरं, मग पुन्हा. यात गोळ्या मोजायच्या नाहीत, दिवस मोजायचे. अर्धी घेतली तरी तो दिवस मोजला जातो! अर्ध्या गोळीची काटकसर इथे महागात पडते.

यातून बाहेर पडायचा मार्ग म्हणजे डॉक्टरांना विचारून ती गोळी थांबवणं. साध्या गोळ्या बहुधा एकदम थांबवता येतात. झोपेच्या किंवा अफूवर्गातल्या गोळ्या असतील तर स्वतःहून एकदम थांबवणं धोक्याचं, त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करायच्या. थांबवल्यावर पहिले दोन ते दहा दिवस डोकं आधीपेक्षा जास्त दुखतं. हे दहा दिवस कुठून आणायचे, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर कोणत्याही डॉक्टरच्या कागदावर नसतं. भाईंदर पूर्वेच्या एका चाळीतली आमच्या गटातली बाई, घरी बसून इमिटेशनचे दागिने जोडण्याचं काम करते, दोन वर्षं रोज तीन गोळ्या घेत होती. डॉक्टर म्हणाले, बंद करा. ती म्हणाली, बंद केल्या तर मी पडेन, मी पडले तर स्वयंपाक कोण करणार, माल कोण देणार? गटातल्या चौघींनी पाळ्या लावल्या. एकीकडे दोन्ही वेळची पोळीभाजी, दुसरीकडे मुलांची शाळा, दोघींनी तिचा माल वाटून घेतला. शेठला उशीर चालणार नव्हता. तिच्या नवऱ्याला पाण्याच्या टाकीचं काम दिलं, ते त्यानं कुरकुरत केलं. सहाव्या दिवशी ती उठून बसली. आता तिला महिन्यातून तीन-चार वेळा अर्धशिशी होते, तेव्हा ती पूर्ण मात्रा घेते आणि दार लावून झोपते. दार लावून झोपणं हा तिच्या आयुष्यातला मोठा बदल आहे, गोळीपेक्षाही.

आता थोडं त्या गोळ्यांच्या बाजाराविषयी. मेडिकलच्या काउंटरवर 'डोकेदुखीची द्या' म्हटल्यावर जे मिळतं ते पुष्कळदा तीन-चार औषधांचं मिश्रण असतं. १० मार्च २०१६ रोजी केंद्र सरकारनं अशा ३४४ मिश्रणांवर बंदी घातली. कंपन्या न्यायालयात गेल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन तज्ज्ञांच्या फेरतपासणीनंतर सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर पुन्हा बंदी आली. त्या यादीत पॅरासिटामॉल, प्रोपिफेनाझोन आणि कॅफीन हे सॅरिडॉनचं मिश्रणही होतं. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं त्याची विक्री चालू ठेवायला परवानगी दिली. ॲनाल्जिनचं असंच: जून २०१३ मध्ये विक्री थांबवली, २०१४ मध्ये अटी घालून परत खुली. कायदा आणि बाजार यांची ही रस्सीखेच चालू असताना गोळी घेणारीला त्यातलं काहीच कळवलं जात नाही. तिच्या हातात येतो पाकिटाचा कापलेला तुकडा. चार गोळ्या कापून दिल्या की औषधाचं नाव एका तुकड्यावर राहतं आणि मुदतीची तारीख दुसऱ्यावर. इशारा असतो तो इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत.

त्यांत आपल्याकडे अर्धशिशीसाठी म्हणून एक मिश्र गोळी सर्रास चालते: एर्गोटामाइन, कॅफीन, पॅरासिटामॉल आणि उलटीसाठी प्रोक्लोरपेराझिन. एर्गोटामाइन मुळात राय नावाच्या धान्यावर वाढणाऱ्या बुरशीतून आलेलं. ते रक्तवाहिन्या आवळतं. हृदयविकार, न आवरलेला रक्तदाब, पायांच्या रक्तवाहिन्यांचा आजार असणाऱ्यांनी ते घ्यायचं नाही. गरोदर बाईनं तर मुळीच नाही आणि अंगावर पाजणारीनंही नाही. घशाच्या किंवा छातीच्या संसर्गासाठी दिली जाणारी एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक्स किंवा एचआयव्हीवरची रिटोनाविरसारखी काही औषधं याच्यासोबत पोटात गेली तर हातापायांचा रक्तपुरवठा बंद पडून बोटं काळी पडण्यापर्यंत मजल जाऊ शकते. प्रोक्लोरपेराझिन महिनोन्‌महिने घेतलं तर हात थरथरणं, अंग कडक होणं असे त्रास होतात. ही गोळी चिठ्ठीशिवाय विकायची नाही असा कायदा आहे. पाकिटावर लाल उभी रेघ आणि आरएक्स ही खूण असेल तर ते औषध चिठ्ठीचं. ती खूण अक्षर न येणाऱ्या बाईलाही ओळखता येते, म्हणून आम्ही शिबिरात रिकामी पाकिटं हातात देऊनच ती दाखवतो.

सुमाट्रिप्टान, रिझाट्रिप्टान या गोळ्या खास अर्धशिशीसाठी तयार झालेल्या. साध्या गोळीनं न थांबणाऱ्या कितीतरी बायकांना त्यांनी आराम दिला आहे. त्याही चिठ्ठीच्याच. हृदयविकार, पूर्वी झालेला पक्षाघात, न आवरलेला रक्तदाब असेल तर चालत नाहीत, आणि एर्गोटामाइन घेतल्यापासून २४ तासांच्या आत तर कधीच नाही. डॉक्टर बदलताना जुन्या गोळीचं पाकीट सोबत न्यायचं ते याचसाठी.

इथे मला आपल्याच चळवळीशी थोडं भांडायचं आहे. माझ्याहून ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी औषध कंपन्यांशी जो झगडा केला तो आम्ही समाजकार्याच्या वर्गात इतिहास म्हणून शिकलो. गर्भ आहे की नाही पाहण्यासाठी आणि पाळी 'आणण्यासाठी' सर्रास दिल्या जाणाऱ्या, हार्मोन्सची मोठी मात्रा असलेल्या ईपी गोळ्या व इंजेक्शनं. त्यांच्यावर १९८२ मध्ये बंदी आली, कंपन्या न्यायालयात गेल्या, १९८७ मध्ये जाहीर सुनावण्या झाल्या, तिथे स्त्री संघटना आणि आरोग्य कार्यकर्ते ठामपणे उभे राहिले आणि १९८८ मध्ये बंदी कायम झाली. नेट-एन इंजेक्शनाविरुद्ध हैदराबादची स्त्री शक्ती संघटना, दिल्लीची सहेली, अहमदाबादची चिंगारी १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या. महाराष्ट्रात लोकविज्ञान संघटनेनं आणि मेडिको फ्रेंड सर्कलच्या डॉक्टरांनी निरुपयोगी, घातक औषधांविरुद्ध वर्षानुवर्षं लिहिलं. हा वारसा आपला आहे. पण त्यातून आपल्यापैकी काहीजणींच्या मनात एक सूत्र पक्कं बसलं, की औषध म्हणजे कंपनीचा कावा आणि न घेणारी बाई शहाणी. शिबिरात एक कार्यकर्ती व्यासपीठावरून सांगत होती, गोळ्या सोडा, प्राणायाम करा. समोर बसलेली बाई आदल्या रात्री उलट्या करून आलेली होती. तिला आणखी एक जण सांगत होती की सोस. घरात सासू तेच सांगते.

घातक औषध नाकारणं हा जसा हक्क, तसा योग्य औषध मिळणं हाही हक्कच आहे. आणि योग्य औषध महाग असतंच असंही नाही. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, प्रोप्रॅनोलॉल ही जुनी, स्वस्त औषधं अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहेत. जनऔषधीच्या दुकानात आणखी स्वस्त. मला स्वतःला कॉलेजपासून अर्धशिशी आहे आणि प्रोप्रॅनोलॉल घेतल्यावर पहिल्यांदा एक अख्खा श्रावण डोकं न धरता गेला, हे मी कुणाच्याही पुढे सांगायला तयार आहे. (दूध-जिलेबीही खाल्ली होती, सूर्योदयाआधी. जिलेबी चांगली होती.)

महिन्यात चार-पाचपेक्षा जास्त वेळा अर्धशिशी उठत असेल, किंवा कमी वेळा पण तीन तीन दिवस पाडत असेल, तर रोज घ्यायची प्रतिबंधक औषधं असतात. ती वेदनाशामक नव्हेत. त्यांचा गुण यायला दोन-तीन महिने लागतात आणि आठ दिवसांत 'काही फरक नाही' म्हणून सोडणाऱ्या बायकांना हे आधी कुणी सांगितलेलं नसतं. प्रोप्रॅनोलॉल दमेकरी बाईला चालत नाही आणि एकदम बंद करायचं नाही. ॲमिट्रिप्टिलिन रात्री अगदी कमी मात्रेत देतात. ते मोठ्या मात्रेत नैराश्यावरही वापरतात, त्यामुळे शेजारणीनं कुठून तरी वाचून 'हे वेड्याचं औषध' म्हटलं की बाई पाकीट कचऱ्यात टाकते. फ्लुनारिझिननं झोप येते, वजन वाढतं, आणि जिला आधी नैराश्य येऊन गेलं आहे तिला ते पुन्हा येऊ शकतं. हे डॉक्टरांना आपणहून सांगावं लागतं, कारण ओपीडीच्या तीन मिनिटांत ते विचारलं जाईलच असं नाही.

एका औषधाविषयी मात्र मला ठळक अक्षरांत लिहायचं आहे. सोडियम व्हॅल्प्रोएट, किंवा डायव्हॅलप्रोएक्स. मूळचं फिट्सवरचं औषध, अर्धशिशी टाळण्यासाठीही दिलं जातं. गरोदरपणात ते पोटात गेलं तर शंभरातल्या सुमारे १० बाळांमध्ये जन्मजात व्यंग आढळतं आणि ३० ते ४० मुलांच्या बोलण्या-चालण्या-शिकण्याच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. युरोपात २०१८ पासून नियम कडक आहेत: गरोदर बाईला अर्धशिशीसाठी हे औषध द्यायचं नाही आणि मूल होण्याच्या वयातल्या बाईला खात्रीच्या गर्भनिरोधकाशिवाय द्यायचं नाही. टोपिरामेट या दुसऱ्या औषधावरही अशाच कारणानं तिथे २०२३ मध्ये बंधनं वाढवली. माझ्या कामात मी अशा चिठ्ठ्या पाहिल्या आहेत, बाविशीतल्या, नुकत्याच लग्न झालेल्या मुलींच्या. त्यांतल्या एकीलाही कुणी विचारलं नव्हतं की पाळी कधी आली, मूल हवं आहे का, काही साधन वापरतेस का. सासरी गर्भाची घाई, डॉक्टरकडे हा प्रश्न नाही, आणि मुलीला औषधाचं नावही माहीत नाही. उद्या मूल वेगळं जन्मलं तर दोष कुणाच्या नशिबाला जाईल, हे आपल्याला सांगायला नको. जी बाई हे औषध फिट्ससाठी घेते तिनं हे वाचून ते अचानक थांबवू नये. फिट येऊन जीवावर बेतू शकतं. तिनं डॉक्टरांकडे जाऊन विचारायचं.

दुसरी गोष्ट आपल्या वस्तीतल्या आशाताईंपर्यंत पोचवायला हवी. अर्धशिशीच्या साधारण चौथ्या हिश्शाच्या बायकांना डोकं दुखण्याआधी काही मिनिटं ते तासभर वेगळी लक्षणं जाणवतात: डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेषा, दृष्टीत मधेच डाग, एका हाताला-ओठाला मुंग्या, शब्द न सापडणं. याला ऑरा म्हणतात. अशा बाईनं इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी घ्यायची नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत ही सक्त मनाई आहे, वय कितीही असो. कारण पक्षाघाताचा धोका वाढतो. तरुण वयात तो मुळात फार कमी असतो, त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही, पण टाळता येण्याजोगा धोका का घ्यायचा? माला-डी आणि सरकारी केंद्रात मोफत मिळणारी माला-एन या दोन्हींत इस्ट्रोजेन असतं. ऑरा नसलेली पण पस्तिशी ओलांडलेली अर्धशिशीवाली बाई असेल तरी ही गोळी नकोच. तांबी चालते, आठवड्याला घ्यायच्या छाया गोळीत हार्मोन नसतं, निरोध आहेच. म्हणजे पर्याय आहेत, फक्त पाकीट हातात ठेवण्याआधी 'डोकं दुखतं का, डोळ्यांपुढे चमकतं का' एवढे दोन प्रश्न विचारले गेले पाहिजेत. नसबंदी नवऱ्यानं करून घेतली तर प्रश्नच मिटतो, पण ते असो.

गरोदरपणात शेवटचे सहा महिने पुष्कळजणींची अर्धशिशी आपोआप कमी होते. दुखलंच तर पहिली निवड पॅरासिटामॉल, लागेल तेवढंच. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकन सरकारनं त्याचा संबंध मुलांच्या स्वमग्नतेशी जोडला आणि मोबाइलवरून ती बातमी आपल्या वस्त्यांतही पोचली. जागतिक आरोग्य संघटनेनं तेव्हाच स्पष्ट केलं की तसा संबंध दाखवणारा सुसंगत पुरावा नाही. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक मात्र विसाव्या आठवड्यानंतर टाळायचं. पावसाळ्यात ताप आणि डोकेदुखी एकत्र असेल तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत याच गोळ्या आणि ॲस्पिरिन कुणीच घेऊ नये, रक्तस्राव वाढतो.

आणि काही डोकेदुख्या अर्धशिशीच्या नसतातच. क्षणात, आयुष्यात कधी नव्हती एवढी भयंकर. तापासह मान आखडलेली. बोलणं अडखळणारी, एक हात-पाय लुळा करणारी. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली. गरोदरपणात रक्तदाब वाढून होणारी. बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत, फिट किंवा धूसर दृष्टीसह येणारी. यात घरी गोळी देऊन थांबायचं नाही, रुग्णालय गाठायचं. बाळंतिणीची डोकेदुखी 'वारं लागलं' म्हणून शेकत बसण्यात मेंदूच्या शिरेत झालेली गुठळी राहून जाऊ शकते. मार लागल्यानंतरची डोकेदुखीही याच यादीत. सल्ला केंद्रावर येणारी बाई 'डोकं सारखं दुखतं' म्हणते तेव्हा आपण विचारायला हवं, डोक्यावर मारतो का? केस धरून आपटतो का? त्या डोकेदुखीची नोंद डॉक्टरांच्या कागदावर असणं तिला पुढे न्यायालयातही लागेल.

व्यवहारातलं थोडं. कालनिर्णयवर दुधाचा हिशोब लिहितो तिथेच डोकं दुखलं त्या दिवशी फुली आणि गोळी घेतली त्या दिवशी गोल करायचा, पाळीची खूणही तिथेच. तीन महिन्यांची पानं डॉक्टरांपुढे ठेवली की 'किती वेळा दुखतं?' 'सारखंच' हा संवाद टळतो. गोल महिन्यात आठच्या पुढे जायला लागले की थांबून विचार करायचा. मेडिकलमधून बिल मागायचं. बिल मागितलं की चिठ्ठीचं औषध चिठ्ठीशिवाय देणारा जरा चपापतो, हा आमचा अनुभव आहे. पाकीट कापताना नाव आणि तारीख दोन्ही असलेला भाग मागायचा. औषधानं विपरीत काही झालं तर कळवण्यासाठी औषध दक्षता कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा मोफत क्रमांक आहे, रुग्ण स्वतःही कळवू शकते.

महापालिकेच्या आरोग्य केंद्रांकडे आम्ही दोन मागण्या घेऊन जाणार आहोत. गर्भनिरोधक गोळ्या देण्याआधीची प्रश्नपत्रिका मराठी-हिंदीत भिंतीवर लावावी, त्यात ऑराचे दोन प्रश्न असावेत. आणि आठवड्यातून एक दिवस संध्याकाळी, गाळे सुटल्यावर, केंद्र उघडं असावं, कारण सकाळच्या ओपीडीसाठी बाईला खाडा पडतो. त्यासाठी आकडे हवेत. आपापल्या गटातल्या बायकांना विचारा: गेल्या महिन्यात किती दिवस डोकं दुखलं, किती दिवस गोळी घेतली, ती कुणी दिली, आणि घरातलं कोणतं काम त्या दिवशी दुसऱ्या कुणी केलं. नावं नकोत, वय आणि वस्ती पुरे. उत्तरं पुढच्या अंकाआधी, पोस्टकार्डावर लिहिलीत तरी चालतील.